स्थितप्रज्ञ धावतो कसा?

ऑगस्ट १९९३. श्टुटगार्टच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची शंभर मीटरची अंतिम शर्यत झाली. अधिकृत निकालात पहिल्या दोन नावांपुढे एकच वेळ लागली, १०.८२ सेकंद. एक नाव अमेरिकेच्या गेल डेव्हर्सचं, दुसरं जमैकाच्या मर्लीन ऑटीचं. पहिली कोण, हे डोळ्यांना सांगता येणार नव्हतं. अंतिम रेषेवरचा कॅमेरा एका चिंचोळ्या फटीतून फक्त त्या रेषेवरचं दृश्य सलग टिपत राहतो आणि पंच त्या चित्रात धडाची कड शोधतात. डोकं, हात, पाय हिशेबात धरत नाहीत. डेव्हर्सचं धड १०.८११ ला पोचलं होतं, ऑटीचं १०.८१२ ला. हजारांश मोजून झाले की ते वरच्या शतांशाकडे नेऊन वेळ जाहीर करायची, असा नियम आहे. म्हणून वेळ सारखी लागली आणि पदकं मात्र वेगळी मिळाली. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे त्या वेगात जेमतेम एक सेंटिमीटर.

तीन वर्षांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याच दोघी, तेच अंतर. दोघींची वेळ १०.९४. सुवर्ण पुन्हा डेव्हर्सला, रौप्य ऑटीला.

पुढे २००८ साली बीजिंगमध्ये शंभर मीटरमध्येच जमैकाच्या शेरॉन सिम्पसन आणि केरॉन स्ट्युअर्ट दोघी १०.९८ वर आल्या. तिथे छायाचित्र वाचूनही फरक निघाला नाही, तेव्हा दोघींना रौप्य दिलं आणि कांस्य कुणालाच दिलं नाही. म्हणजे कुठल्या फरकाला फरक म्हणायचं हे यंत्राची नजर आणि माणसांनी केलेला नियम मिळून ठरवतात. पण एकदा ठरलं की त्या सेंटिमीटरवर माणसाचं उभं आयुष्य बेतून जातं. ऑटी सात ऑलिंपिकमध्ये धावली. तिच्या नावावर नऊ ऑलिंपिक पदकं आहेत, तीन रौप्य आणि सहा कांस्य. सुवर्ण एकही नाही. अ‍ॅथलेटिक्सच्या जगाने तिला ‘ब्राँझ क्वीन’ म्हटलं. कौतुक आणि कुचेष्टा त्या नावात बेमालूम मिसळलेली आहेत.

अशा माणसासाठी आपल्याकडे एक श्लोक तयार असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा. तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, असं सांगणारा. मराठी घरांत हा श्लोक कधी ऐकू येतो ते आठवून पाहावं. मुलाला हवं त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, बढती हुकली, निवडणुकीत अनामत गेली की कुणीतरी वडीलधारा पाठीवर हात ठेवून तो म्हणतो. पहिल्या आलेल्याला तो कुणी ऐकवत नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९८४ साली पी. टी. उषाचं चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूची वेळ ५५.४१, उषाची ५५.४२. तेव्हाही देशाने तिचं सांत्वन साधारण याच सुरात केलं. (त्याच आठवड्यात त्याच मैदानावर ऑटीने दोन कांस्यपदकं मिळवली. तिच्या देशात ती हळहळीचा विषय झाली. इथे उषाला एक मिळालं असतं तर मिरवणूक निघाली असती.)

पण हा श्लोक सांत्वनाचा आहे का? कृष्णाने तो सांगितला तेव्हा युद्ध हरलं तर नव्हतंच, सुरूही झालं नव्हतं. ज्याला तो सांगितला तो त्या काळातला सर्वांत भरवशाचा धनुर्धर होता, जिंकण्याची शक्यता त्याच्या बाजूने होती. आणि ज्या अध्यायात फळावर अधिकार नाही असं म्हटलं आहे, त्याच अध्यायात दहा श्लोक आधी कृष्ण अर्जुनाला सरळ सांगतो की मेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वीचं राज्य भोगशील. अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवत असतानाही तो म्हणतो, ऊठ, यश मिळव, शत्रूंना जिंक, समृद्ध राज्य भोग. फळाचं नाव काढायचं नाही अशी गीतेची भूमिका असती तर हे श्लोक गाळावे लागले असते.

मग प्रश्न असा पडतो की फळाची इच्छा न धरता शंभर मीटर धावता येतं का? शेतकरी पेरणी करताना पिकाचा विचार बाजूला ठेवू शकेल, कारण पेरणी ही पिकापासून वेगळी क्रिया आहे. शर्यतीचं तसं नाही. सगळ्यांच्या आधी पोचायचा प्रयत्न हीच शर्यतीची व्याख्या. तो प्रयत्न काढून घेतला की उरतं ते नुसतं धावणं, आणि त्याला बाकीच्या सात जणींची, पांढऱ्या पट्ट्यांची, कॅमेऱ्याची गरज नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने ‘द ग्रासहॉपर’ या १९७८ च्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली ती अशीच काहीशी आहे. अनावश्यक अडथळे आपण होऊन स्वीकारायचे आणि ते पार करायचा प्रयत्न करायचा, म्हणजे खेळ. अडथळे स्वीकारणारा माणूस ध्येयाबद्दल खरोखरच उदास असेल तर तो खेळतच नाही, खेळण्याची नक्कल करतो. शिवाय जिंकण्याची इच्छा नसताना अंतिम फेरीच्या ठोकळ्यांवर वाकणं हा बाकीच्यांचा अपमानही आहे. डेव्हर्सला तिचं सुवर्ण पूर्ण अर्थाने मिळालं, कारण शेजारच्या पट्ट्यात ते मनापासून हवं असणारी बाई होती.

ऑटीला ते हवं होतं यात शंका घ्यायला जागाच नाही.

तिचा जन्म १० मे १९६० चा, जमैकाच्या पश्चिमेकडच्या हॅनोव्हर परगण्यातल्या कोल्ड स्प्रिंग गावचा. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये डॉन क्वारीने जमैकाला दोनशे मीटरचं सुवर्ण मिळवून दिलं, त्याचं धावतं वर्णन तिने रेडिओवर ऐकलं आणि तिथून धावण्याचं मनावर घेतलं. चारच वर्षांत ती अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात शिकत होती आणि मॉस्को ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरच्या अंतिम फेरीत होती. वेळ २२.२०, कांस्य. दुसऱ्या आलेल्या नताल्या बोचिनाची वेळ २२.१९. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन देशांतल्या स्त्रीला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक होतं. हा मान केवढा मोठा, आणि तोही एका शतांशाच्या चुटपुटीसह आलेला.

पुढचा हिशेब असाच चालतो. सोलला १९८८ मध्ये ती दोनशे मीटर २१.९९ मध्ये धावली आणि चौथी आली. त्या शर्यतीत फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरने २१.३४ चा विश्वविक्रम केला, तो अजून मोडलेला नाही. टोकियोच्या १९९१ च्या जागतिक स्पर्धेआधी ऑटी शंभर मीटरच्या शर्यती लागोपाठ जिंकत आली होती. तिथे मात्र शंभर आणि दोनशे दोन्हींत तिसरी आली. बार्सिलोनाला १९९२ मध्ये शंभर मीटरच्या पहिल्या पाच जणी सहा शतांशांत कोंबल्या होत्या, डेव्हर्स १०.८२ आणि पाचवी आलेली ऑटी १०.८८. कुणी म्हणेल, मोठ्या दिवशी तिचे पाय डळमळायचे. पण श्टुटगार्टला त्या हजारांशानंतर तीनच दिवसांनी तिने दोनशे मीटर २१.९८ मध्ये जिंकली, ग्वेन टॉरेन्सला दोन शतांशांनी मागे टाकून. खुल्या मैदानावरच्या जागतिक स्पर्धेतलं ते तिचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. वय ३३. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्समधल्या लिएवांला बंदिस्त मैदानावर तिने दोनशे मीटरला २१.८७ ची वेळ दिली आणि तीस वर्षं उलटून गेली तरी त्या वेळेच्या खाली कुणी गेलेलं नाही. डळमळणाऱ्या पायांचं हे काम नव्हे.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त (प्रसिद्धी १९१५) फलाशा सोडणं म्हणजे उद्देश सोडणं नव्हे, यावर फार भर दिला आहे. कर्म करणाऱ्याने साधनं नीट पारखावीत, योजना आखावी, परिणाम काय होईल ते ओळखावं. सोडायची ती आसक्ती, म्हणजे मला हेच मिळालं पाहिजे नाहीतर माझं काही खरं नाही, ही मनाची मिठी. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत विनोबांनी एक पाऊल पुढे टाकलं. फळाची चिंता करणाऱ्यापेक्षा ती सोडणाऱ्याचं काम जास्त चांगलं व्हायला हवं, कारण पहिल्याचं थोडं लक्ष फळाकडे जातं आणि दुसऱ्याचं सगळं कामात राहतं, असा त्यांचा युक्तिवाद. विनोबांना वेगवान धावण्याच्या शास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं, पण एखाद्या प्रशिक्षकानेही हेच सांगितलं असतं. शंभर मीटरमध्ये सर्वाधिक वेग साधारण मध्यावर किंवा त्याच्या थोडा पुढे येतो. शेवटच्या तीसेक मीटरमध्ये सगळ्यांचाच वेग घटत असतो, जिंकणाऱ्याचासुद्धा. प्रेक्षकांना वाटतं एखादी मुसंडी मारतेय, प्रत्यक्षात ती इतरांपेक्षा कमी मंदावत असते. आणि जी रेषेकडे बघून हाव धरते तिचे खांदे वर येतात, जबडा आवळतो, मान ताठते, पावलं लांबवायच्या नादात जमिनीवर जास्त वेळ राहतात. रेषेवर छाती पुढे झोकायची ती नेमकी एका पावलावर. आधी झोकली तर तोल जाऊन वेग मरतो, उशिरा झोकली तर उपयोग नाही. ऑटीची सुरुवात तशी मंद मानली जायची. तिची ताकद उत्तरार्धात होती, म्हणजे जिथे अंग सैल ठेवावं लागतं तिथेच. तिच्या लांब, मोकळ्या धावेची जाणकारांना भुरळ पडायची ती यामुळेच.

तेव्हा विनोबांचं म्हणणं शरीराच्या पातळीवर तंतोतंत खरं आहे असं दिसतं. फक्त त्यात एक अडचण आहे. आसक्ती सोडली की काम चांगलं होतं आणि काम चांगलं झालं की फळ मिळतं, असं म्हटलं की फळ मागच्या दाराने परत आत येतं. आसक्ती सोडणं हीच जिंकण्याची युक्ती होऊन बसते. आजचे क्रीडा-मानसशास्त्राचे वर्ग याच युक्तीवर चालतात, आणि त्यात गैर काही नाही. पण ज्याने युक्ती म्हणून फळ सोडलं त्याने ते सोडलेलंच नसतं. आणि मोकळ्या खांद्यांनी धावूनही एखादी हजारांशाने मागे राहिली तर? तिथे युक्ती संपते आणि खरा प्रश्न सुरू होतो.

ग्रीक-रोमन परंपरेत स्टोइक पंथाने याचं एक उत्तर दिलं आहे, तेही धनुर्धराचंच उदाहरण घेऊन. इ. स. पू. पहिल्या शतकात सिसेरोने ते नोंदवलं. नेम धरायला जे जे करावं लागतं ते सगळं तिरंदाजाने करावं. बाण लागावा यासाठीच करावं. पण त्याचं खरं साध्य सगळं नीट करणं हे आहे. बाण सुटल्यावर वारा आला, लक्ष्य हललं, तर त्याचं काही उणं होत नाही. उत्तर देखणं आहे, पण धावणाऱ्यांना अपुरं पडतं. तिरंदाजाचं लक्ष्य मुकाट उभं असतं. धावणारीचं लक्ष्य दुसऱ्या बाईच्या छातीतून ठरतं, जी स्वतःही सगळं नीट करत असते. डेव्हर्सचं उदाहरण घ्या. श्टुटगार्टच्या काही वर्षं आधी ग्रेव्हज आजाराने तिचं धावणंच काय, चालणंही धोक्यात आलं होतं. बार्सिलोनात शंभर मीटरचं सुवर्ण मिळाल्यावर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत ती आघाडीवर असताना शेवटच्या अडथळ्याला अडखळली आणि पाचवी आली. अशा दोघी शेजारी शेजारी धावत असताना कुणाची निष्ठा कमी पडली म्हणायची?

इथे गीतेच्या अठराव्या अध्यायातला एक हिशेब जास्त उपयोगी पडतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात, असं तिथे म्हटलं आहे. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. धावपट्टी आणि शरीर, धावणारी, तिचे स्नायू आणि काटेरी बूट, तिची सुरुवात आणि तिचं झोकणं, हे चार झाले. पाचव्यात वारा आला, पट्टा कितवा मिळाला ते आलं, आणि शेजारणीचं पाऊल कुठे पडलं तेही आलं. यातून निघणारा अर्थ सांत्वनापेक्षा फार कोरडा आहे. फळ पाच जणांच्या मालकीचं आहे आणि त्यावर एकट्या कर्त्याने दावा लावणं हा हिशेबाचा घोटाळा. हरल्यावर सगळा दोष स्वतःकडे ओढणं हाही घोटाळाच. जिंकणाऱ्यालाही नियम तोच.

ऑटीच्या कारकिर्दीत हे पाचवं कारण दोन्ही बाजूंनी काम करताना दिसतं. गोथेनबर्गला १९९५ मध्ये दोनशे मीटरची जागतिक शर्यत टॉरेन्सने २१.७७ मध्ये सहज जिंकली. ऑटी २२.१२. अंतर एवढं की छायाचित्राची गरजच नव्हती. मग कळलं की वळणावर टॉरेन्सचं पाऊल आतल्या रेषेवर पडलं होतं. ती बाद झाली, सुवर्ण ऑटीला. अथेन्सला १९९७ मध्ये शंभर मीटरच्या अंतिम फेरीत कुणाचा तरी चुकीचा प्रारंभ झाला, परत बोलावणारी बंदूक सगळ्यांनी ऐकली, ऑटीने ऐकली नाही. ती एकटीच पूर्ण जोराने धावत गेली. थांबून मागे वळली, परत ठोकळ्यांवर आली, आणि खऱ्या शर्यतीत दमलेल्या पायांनी सातवी आली. जी शर्यत अस्तित्वातच नव्हती ती तिने किती छान धावली असेल कुणास ठाऊक! सिडनीला २००० मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती शंभर मीटरमध्ये ११.१९ वर चौथी आली, तिसरी आलेल्या देशभगिनी टायना लॉरेन्सपेक्षा पुन्हा एक शतांश मागे. विजेती मॅरियन जोन्सने २००७ मध्ये उत्तेजकं घेतल्याचं कबूल केलं आणि तिची पदकं गेली. दुसरी आलेल्या ग्रीसच्या कातेरिना थानूने अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर चाचणी चुकवली होती, म्हणून ऑलिंपिक समितीने तिला सुवर्ण द्यायचं नाकारलं. २००९ च्या डिसेंबरात लॉरेन्सला रौप्य आणि ऑटीला कांस्य मिळालं. त्या शर्यतीच्या सुवर्णाची जागा रिकामीच आहे. नवव्या वर्षी हातात आलेल्या त्या पदकाचा, सिडनीतल्या त्या अकरा सेकंदांत तिने काय केलं याच्याशी संबंध किती?

उत्तेजकांचा विषय निघाला आहे तर ऑटीचं प्रकरणही सांगायला हवं. १९९९ मध्ये लुझर्नच्या स्पर्धेतल्या तिच्या नमुन्यात नँड्रोलोन सापडलं आणि सेव्हियाची जागतिक स्पर्धा तिला सोडावी लागली. तिने आरोप फेटाळला, जमैकाच्या संघटनेने तिला निर्दोष ठरवलं आणि क्रीडा लवादापर्यंत जाऊन २००० च्या जुलैत बंदी उठली. ज्यांना संशय घ्यायचा ते घेतातच. पण तिने ज्या काळात पदकं मिळवली त्या काळाबद्दल एक गोष्ट संशयापलीकडे गेलेली आहे. पूर्व जर्मनीने आपल्या खेळाडूंना सरकारी योजनेतून उत्तेजकं दिली, हे बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रांनी सिद्ध झालं. १९८० च्या दशकातले महिलांच्या धावण्याचे निकाल वाचताना फळ कुणाचं हा प्रश्न म्हणूनच फक्त वेदान्ताचा राहत नाही.

आणि सिडनीचीच एक बाजू अशी आहे की जिच्यापुढे ऑटीच्या चाहत्यांना गप्प बसावं लागतं. जमैकाच्या निवड चाचणीत शंभर मीटर जिंकली होती पीटा-गे डाउडेलने. ऑटी चौथी आली होती. बंदीतून नुकतीच सुटलेली, अनुभवी, म्हणून संघव्यवस्थापनाने डाउडेलला वैयक्तिक शर्यतीतून वगळून ऑटीला उतरवलं. ऑलिंपिक ग्राममध्ये जमैकाच्याच धावपटूंनी या निर्णयाविरुद्ध निदर्शनं केली. डाउडेलच्या दृष्टीने बघितलं तर ऑटीच्या चिकाटीचा अर्थ अगदी वेगळा होतो. कर्मावर अधिकार तुझा, असं म्हणताना ज्या ठोकळ्यांवर कर्म करायचं ती जागा कुणाची, हे आधी ठरावं लागतं. निष्काम माणूस निरुपद्रवी असतो असा एक भाबडा समज आहे. ‘मला फक्त धावायचं आहे’ हे वाक्य कितीही निर्मळ मनाने उच्चारलं तरी अंतिम फेरीत पट्टे आठच असतात. व्यवस्थापनाचा अंदाज चुकला असं निकाल बघून म्हणता येत नाही. चौथी येणं, तेही एका शतांशाने, ही मोठीच गोष्ट होती. पण निकाल बघून निवड योग्य ठरवायची म्हणजे पुन्हा फळावरूनच कर्म जोखायचं.

दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे अर्जुन विचारतो की स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. बाहेरून ओळखू येईल अशी खूण त्याला हवी आहे. कृष्ण उत्तरात एकही बाहेरची खूण देत नाही. सगळं आतलं सांगतो, इच्छा कुठे विरतात, दुःखात मन कसं राहतं, कासव अवयव कसे आवरतं. अर्जुनाच्या प्रश्नाला त्याने बगल दिली असं वाटतं, पण त्यामागे कारण असावं. बाहेरून बघणाऱ्याला आसक्त आणि अनासक्त दोघेही सारखेच दिसतात. दोघेही पहाटे उठून सराव करतात, दोघेही हरल्यावर परत येतात. एकाला सुटत नाही म्हणून तो येतो, दुसऱ्याला सुटलेलं आहे म्हणून. घड्याळ दोघांचीही वेळ त्याच शतांशांत देतं.

ऑटीच्या उत्तरार्धावर जगाने जे निवाडे दिले ते सगळे या अडचणीत सापडतात. १९९८ पासून ती स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला सराव करत होती, सिडनीनंतर मायदेशाशी ताणलेलंच होतं. २००२ मध्ये तिने स्लोव्हेनियाचं नागरिकत्व घेतलं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती नव्या देशाच्या पोशाखात शंभर मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्याच ऑलिंपिकमध्ये जमैकाच्या वेरोनिका कॅम्पबेलने दोनशे मीटरचं सुवर्ण घेतलं, जे चोवीस वर्षं ऑटीच्या नावाने राखून ठेवल्यासारखं होतं. ओसाकाच्या २००७ च्या जागतिक स्पर्धेत ४७ व्या वर्षी धावून तिने ११.६४ वेळ दिली आणि प्राथमिक फेरीत बाद झाली. पुढच्या वर्षी बीजिंगसाठी पात्र ठरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. प्रयत्न केला याचा अर्थ इच्छा शाबूत होती. ज्यांना तिच्यात योगिनी दिसते त्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्यांना हाव दिसते त्यांनी याचा विचार करावा की पदकाची हाव असलेल्या माणसाने पदक अशक्य झाल्यावर एवढी वर्षं सकाळचे स्नायू ताणले असते का. दोन्ही बाजूंना खोडता येईल असा पुरावा तिच्या आयुष्यात पुरेपूर आहे.

मनुस्मृतीने वनात जायची वेळ सांगितली आहे ती त्वचेवर सुरकुत्या आणि केस पांढरे दिसले की, नातवंड झालं की. आपल्याकडे पन्नाशी हा त्याचा ढोबळ आकडा धरला जातो. ‘आता पुरे’ हे वाक्य तेव्हापासून कानावर पडू लागतं, बाईच्या कानावर तर बरंच आधीपासून. तो हिशेब मांडताना शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढे गृहस्थ पुरुष होता. त्याने घर आणि कर्तेपण मुलाच्या हाती द्यायचं, कारण त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी जमलेलं असायचं. धावणारीचं कर्तेपण तिच्या मांड्यांत असतं आणि ते कुणाच्या हाती देता येत नाही. २०१० मध्ये, पन्नाशी गाठल्यावर, ऑटी शंभर मीटर ११.६७ मध्ये धावली. त्याच उन्हाळ्यात युरोपीय स्पर्धेत स्लोव्हेनियाच्या महिला रिले संघातून ती बार्सिलोनाच्या माँटजुइक टेकडीवरच्या मैदानात उतरली, जिथे अठरा वर्षांपूर्वी तिने दोनशे मीटरचं ऑलिंपिक कांस्य घेतलं होतं. दोन वर्षांनी हेलसिंकीला, ५२ व्या वर्षी, पुन्हा रिले. संघ अंतिम फेरीत गेला नाही. रिलेत चौघींच्या धावा मिळून एकच वेळ लागते आणि निकालात प्रत्येकीची वेगळी वेळ छापली जात नाही, त्यामुळे त्या दिवशी तिच्या वाट्याच्या अंतरात ती किती वेगाने धावली हे निकालपत्रावरून कळत नाही.